सातवीला मराठीतून गुप्तलेखन शिकवताना मात्रा आणि जोडाक्षरांचं काय करायचं?

खडूफळा

सातवीचा वर्ग, मराठी माध्यम, ४० मुलं. गणिताच्या सहा तासिका हाताशी आहेत, प्रत्येकी ३५ मिनिटांच्या. त्यांत गुप्तलेखन घ्यायचं ठरवलंय. इंग्रजीत सीझरची पद्धत सोपी पडते: २६ अक्षरं, प्रत्येक अक्षर तीन घरं पुढे. पण इंग्रजीतून घेतलं की निम्मा वर्ग स्पेलिंगमध्येच अडकतो, म्हणून मराठीतूनच हवंय. देवनागरीत अक्षर सरकवताना मात्रेचं काय करायचं? जोडाक्षर एक धरायचं की दोन? एकावर एक फिरणाऱ्या दोन गोल पुठ्ठ्यांची अक्षरचकती करायची तर तिच्यावर घरं किती? मोबाइल-संगणक नाही, पुठ्ठा, कात्री, कोनमापक एवढंच साहित्य.

पुठ्ठाकात्री

घरं ३६ ठेवा. क ते ळ ही ३४ व्यंजनं, शेवटी क्ष आणि ज्ञ. मग दर १० अंशांवर एक रेघ येते आणि कोनमापकाने ती बिनचूक मारता येते. ३४ घरं केलीत तर एक घर साडेदहा अंशांहून थोडं जास्त होतं, चूक साठत जाते आणि शेवटचं घर लहान-मोठं निघतं.

मोठी चकती १६ सेंमी व्यासाची, लहान १२ सेंमीची. लहानीवर एका घराला जेमतेम १ सेंमी रुंदी मिळते. याहून लहान केली तर क्ष आणि ज्ञ मावत नाहीत. आसासाठी कपड्याचं टिचबटण घ्या: एक अर्धा मोठ्या चकतीच्या मध्यावर शिवायचा, दुसरा लहानीच्या मागच्या बाजूला. चकती छान फिरते आणि सैल होत नाही. मध्य मात्र कंपासच्या टोकाचाच धरा. बटण दोन मिलिमीटर जरी सरकलं तरी एका बाजूची अक्षरं जुळतात आणि समोरच्या बाजूची दोन घरांच्या मधे येतात.

आता नियम. मात्रा, अनुस्वार आणि सुटे स्वर (अ, आ, इ...) सुरुवातीला जसेच्या तसे ठेवा, फक्त व्यंजन सरकवा. किल्ली, म्हणजे किती घरं सरकवायचं तो आकडा, ३ असेल तर 'मराठी'चं 'लशाणी' होतं आणि 'शाळा'चं 'हाका'. हा दुसरा शब्द फळ्यावर नक्की घ्या. ळ नंतर क्ष, ज्ञ आणि मग पुन्हा क, म्हणजे ३४ + ३ = ३७, त्यातून ३६ गेले, उरला १. घड्याळासारखी फिरणारी बेरीज मुलांना इथेच समजते.

जोडाक्षरं सगळी फोडायची, श्र आणि त्र सुद्धा. फक्त क्ष, ज्ञ अख्खे. मुलं सर्वात जास्त चुकतात ती रफारात. 'सूर्य' लिहिताना ती य सरकवतात आणि डोक्यावरचा रफार तसाच ठेवतात, कारण त्यांना तो मात्रेसारखा दिसतो. म्हणून आधी चौकटीच्या वहीत एका चौकटीत एक अक्षर असं लिहून घ्या: सू, र्, य. मग खालच्या ओळीत: क्षू, श्, व.

गुप्त मजकुरात अक्षरं पुन्हा जोडू देऊ नका, पाय मोडूनच ठेवायची. समजा क् आणि त्यापुढे ष आला आणि मुलाने तो जोडून लिहिला, तर वाचणारा त्याला चकतीवरचा क्ष समजणार आणि तिथून पुढे अर्थच लागणार नाही. ख सुद्धा नीट लिहून घ्या. साध्या मजकुरात 'रव' वाचला तरी संदर्भाने कळतं. गुप्त मजकुरात संदर्भच नसतो. घ-ध आणि भ-म यांचंही तेच.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे उलगडतानाही बाहेरून आत वाचणं. मजकूर उलगडण्याऐवजी दुप्पट सरकतो. बाहेरचं कडं काळ्या शाईने, आतलं लाल शाईने लिहा: लिहिताना काळ्यावरून लालवर, वाचताना लालवरून काळ्यावर.

तिसरीमात्रा

वरचं सगळं बरोबर आहे, पण मात्रा तशाच ठेवल्या तर हा संदेश न मोजताच फुटतो. माझ्या मते हाच भाग शिकवण्यासारखा आहे. एक पूर्ण तासिका याला द्या.

फळ्यावर लिहा: लशाणी हाका आज्ञे. किल्ली सांगू नका. शेवटच्या शब्दात 'आ' आणि एक मात्रावालं अक्षर आहे. मराठी वाक्याच्या शेवटी असा शब्द कुठला? 'आहे' किंवा 'आले'. दोन्ही तपासायला लावा. 'आहे' धरलं तर ह (३३) चा ज्ञ (३६) झाला, म्हणजे किल्ली ३. 'आले' धरलं तर ल (२८) चा ज्ञ झाला, म्हणजे किल्ली ८. आता पहिला शब्द दोन्ही किल्ल्यांनी उघडा: ३ ने 'मराठी', ८ ने 'नफाछी'. निकाल लागला. मधे कुठे एकटंच, बिनमात्रेचं अक्षर दिसलं तर ते बहुधा 'व' असतं. तिथूनही किल्ली निघते.

त्याआधी ताकदीचा हल्ला, म्हणजे सगळ्या किल्ल्या लावून बघणं, करून घ्या. उपयोगी किल्ल्या ३५ आहेत. ३५ मुलांना एकेक किल्ली वाटा, उरलेली पाच तपासनीस. पहिले दोन शब्दच उघडायचे. काही मिनिटांत एका बाकावरून उत्तर येतं आणि 'किल्ल्या कमी असतील तर पद्धत कितीही गुप्त ठेवून भागत नाही' हे वेगळं सांगावं लागत नाही.

अक्षरं क्रमाने न सरकवता हवी तशी विस्कटली, तर वारंवारता मोजावी लागते. नवव्या शतकात अल्-किंदीने बगदादमध्ये हीच रीत लिहून ठेवली. पाठ्यपुस्तकातला ३०० अक्षरांचा उतारा घ्या आणि ताळ्याच्या खुणांनी व्यंजनं मोजा. र, त, न, ल सारखे येतात; झ, ढ, ठ क्वचित. उतारा शंभर अक्षरांच्या आत नको, आणि एकाच विषयाचा नको. झाडांवरचा धडा घेतला तर झ उगाच वर चढतो.

खडूफळा

मनापासून आभार. मग मात्रा लपवायच्या कशा? बाराखडीची वेगळी चकती चालेल का?

तिसरीमात्रा

चालेल, पण बाराखडी जशीच्या तशी घेऊ नका. 'आंबा' शब्दात आ आणि अनुस्वार एकाच वेळी आहेत. अं ला वेगळं घर दिलं तर हा शब्द चकतीवर बसतच नाही. बारा घरं अशी करा: अ आ इ ई उ ऊ ए ऐ ओ औ ॲ ऑ. दर ३० अंशांवर एक. सुटा स्वर आणि मात्रा दोन्ही याच चकतीवर चालतात. अनुस्वार, विसर्ग, ऋ आणि मोडलेला पाय तसेच राहतील.

व्यंजनांची किल्ली ३, स्वरांची ५: 'मराठी'चं 'लूशेणो', 'आहे'चं 'एज्ञॉ'. म मध्ये लपलेला अ मुलं विसरतात आणि 'लशेणो' लिहितात, तेवढं बघा. किल्ल्यांच्या जोड्या ३६ × १२ = ४३२; त्यांतली काहीच न बदलणारी एक वजा केली की ४३१. यानंतर शब्दांमधली जागा काढून पाच-पाच अक्षरांचे गट पाडायला लावा, म्हणजे शब्दांची लांबीही लपते.

बोरूदौत

पहिली तासिका चकतीने सुरू करू नका, 'च'च्या भाषेने करा. 'मला'चं 'चलाम' मुलांना आधीच येतं. तिला किल्ली नसते. रीत कळली की सगळं कळलं. संकेत आणि किल्लीचं कूट यांतला फरक इथे स्वच्छ दिसतो.

मग करपल्लवी. हाताने नागाच्या फण्याची खूण केली की स्वर, कमळाची केली की क-वर्ग, चक्राची केली की च-वर्ग, त्यानंतर बोटांनी वर्गातला क्रमांक आणि टिचक्यांनी मात्रा. 'गु' म्हणजे कमळ, तीन बोटं, पाच टिचक्या. व्यंजन आणि मात्रा वेगळी करायची सवय इथेच लागते आणि पुढे चकतीवर रफाराच्या चुका कमी होतात.

महानुभाव पंथाची सकळ लिपी जरूर सांगा. पंथाचे मराठी ग्रंथ शतकानुशतकं या सांकेतिक लिपीत राहिले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या काळात ते बाहेरच्या अभ्यासकांना वाचता येऊ लागले. मोडीला मात्र गुप्त लिपी म्हणू नका. ती भरभर लिहिण्यासाठी दफ्तरात वापरलेली लिपी आहे. ती आज बहुतेकांना वाचता येत नाही याचं कारण सराव सुटला हे आहे.

सहाव्या तासिकेला एक पेटी आणि दोन कुलपं न्या: किल्ली न पाठवता निरोप कसा पोचवायचा? पहिला आपलं कुलूप लावून पाठवतो, दुसरा त्यावर स्वतःचं लावून परत करतो, पहिला आपलं काढतो, दुसरा आपलं उघडतो. पेटीच्या तीन फेऱ्या. कोयंड्यात दोन कुलपं मावत नाहीत, म्हणून छोटी साखळी ओवून घ्या. दुसऱ्यांदा खेळताना वाटेतल्या मुलाला गुपचूप तिसरं कुलूप द्या. दुसऱ्याऐवजी त्यानेच आपलं कुलूप लावून पेटी परत केली तर पहिल्याला ते ओळखता येत नाही, तो आपलं काढून देतो आणि निरोप वाटेतच उघडतो. कुलूप कोणाचं हे कसं ओळखायचं, यावर मुलांना स्वतःच उपाय शोधू द्या. दहा मिनिटं राखून ठेवा.