समाजमाध्यमांवरचा निवडणूक प्रचार: माणूस हेरून केलेल्या जाहिरातींवर बंदी हवी का?

सडेतोड:
सभेत उमेदवार जे बोलतो ते विरोधकाच्याही कानावर जातं. खोटं असेल तर त्याच संध्याकाळी खोडून काढता येतं. फेसबुकवरच्या जाहिरातीत मात्र वय, आवडीनिवडी हेरून एका गटाला करकपात आणि दुसऱ्याला सरकारी नोकरभरती असं सांगता येतं, आणि एकाला काय सांगितलं ते दुसऱ्याला कळत नाही. २०१८ मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय प्रचाराचा सल्ला देणाऱ्या ब्रिटिश कंपनीचं प्रकरण उघडकीस आलं. तिच्यासाठी माहिती गोळा करणारं स्वभावचाचणीचं एक फेसबुक अ‍ॅप घेतलं होतं सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी. पण त्यांच्या मित्रयाद्यांमधून, फेसबुकच्याच अंदाजानुसार, ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती बाहेर गेली. त्यातून किती मतं फिरली हा वाद माझ्या लेखी दुय्यम आहे. मतदाराला न विचारता त्याचा स्वभाव जोखला गेला, हाच गुन्हा आहे. राजकीय जाहिरातींना मतदारसंघ सोडून दुसरी कुठलीही निवड करू देऊ नये.

मधुरा_क:
साफ असहमत. दारोदार फिरणारा कार्यकर्ताही समोरचा माणूस बघूनच बोलतो. ज्याच्याकडे टीव्हीच्या जाहिरातीला पैसे नाहीत, त्याला थोडक्या खर्चात नेमक्या लोकांपर्यंत पोचायची ही एकच वाट आहे. ती बंद केलीत तर फायदा प्रस्थापितांचाच. आणि या माध्यमाने लोकांना मतदानाला बाहेरही काढलंय. २०१० मध्ये अमेरिकेत फेसबुकने ६ कोटींहून अधिक लोकांना ‘मी मतदान केलं’ हे बटण आणि मत देऊन आलेल्या मित्रांचे चेहरे दाखवले. संशोधकांच्या हिशेबाने त्यामुळे सुमारे ३ लाख ४० हजार मतं वाढली.

सडेतोड:
मधुराताई, नेमका हाच प्रयोग मला धडकी भरवतो. ते बटण कोणाला दाखवायचं हे एक खाजगी कंपनी ठरवत होती. उद्या एकाच पक्षाच्या बालेकिल्ल्यात दाखवलं आणि बाकीकडे नाही, तर ते पकडणार कोण? कार्यकर्त्याचं तसं नाही. तो एका घरी एक आणि शेजारी दुसरंच बोलला, तर गल्लीत बोभाटा होतो.

उंबरठा:
तुम्ही दोघं जाहिरातींवर भांडताय, पण खरा प्रचार जाहिरात म्हणून येतच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये रोमानियाच्या अध्यक्षीय निवडणुकीत कालिन जॉर्जेस्कू पहिल्या फेरीत अव्वल आले. प्रचारखर्च दाखवला होता शून्य, आणि टिकटॉक त्यांच्या व्हिडिओंनी भरून गेलं होतं. ६ डिसेंबरला तिथल्या घटनात्मक न्यायालयाने निवडणूकच रद्द केली. व्हॉट्सअ‍ॅपवर तर पहिला मेसेज कोणी सोडला ते बाहेरच्याला दिसतच नाही. मग बंदी नक्की कशावर घालणार?

मधुरा_क:
रोमानियाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. व्हिडिओ पाहून कौल दिला म्हणून लाखो लोकांची मतं केराच्या टोपलीत? आज एका देशात झालं, उद्या कुठलंही सरकार नको असलेला निकाल याच कारणाने पुसून टाकेल. पैसे कोणी ओतले ते शोधा, जबर दंड करा, पण दिलेल्या मताला हात लावू नका.

उंबरठा:
दंडाचंच बघू. ब्रेक्झिटचं, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावं का याचं, सार्वमत झालं जून २०१६ मध्ये. बाहेर पडण्याच्या बाजूने प्रचार करणाऱ्या ‘व्होट लीव्ह’ने खर्चमर्यादा ओलांडल्याचं तिथल्या निवडणूक आयोगाने जाहीर केलं जुलै २०१८ मध्ये, आणि दंड ठोठावला ६१,००० पौंडांचा. मर्यादेबाहेरचा पैसा समाजमाध्यमांवरच्या प्रचारातच गेला होता. मतदानाच्या आधी हे थांबवेल अशी कुठली व्यवस्था तुम्हाला चालेल, तेवढं सांगा.