मदत हवी आहे: माणशी १५ किलो आणि मऊ बॅग? शनिवारी निघतोय

कोरडा_रस्सा
एजंटने आज सकाळी मेसेज टाकलाय: माणशी १५ किलोच, बॅग मऊ हवी, चाकं नकोत. आमच्या चौघांच्या बॅगा भरून दारात उभ्या आहेत, चारही कडक आणि चाकाच्या. मुंबईच्या तिकिटावर माणशी २३-२३ च्या दोन लिहिल्यात, मग हे १५ कुठून आलं? एजंट फोन उचलत नाहीये. सफारीला जाऊन आलेल्यांनी लवकर सांगा प्लीज, नवीन बॅगा घ्यायच्या का?

नाना_डोंबिवलीकर
कुठे चाललात ते लिहा की राव! आफ्रिका म्हणजे काय नाशिक-पुणे आहे का? दक्षिण आफ्रिकेत क्रूगरला जात असाल तर स्वतः गाडी चालवत फिरता येतं, किलोची भानगडच नाही.

कोरडा_रस्सा
केनिया. मसाई मारा, चार रात्री. बॅगेचं सांगा.

प्राची_इनामदार
पिवळ्या तापाची लस घेतली का? प्रवासाच्या १० दिवस आधी घ्यावी लागते, त्याआधी प्रमाणपत्र लागू होत नाही. आणि नसेल तर परत येताना आपल्याकडेच विलगीकरणात ठेवतात. माझ्या सासूबाईंना साठीच्या वर म्हणून आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणायला लावली होती.

कोरडा_रस्सा
लस झाली, पिवळं पुस्तक पासपोर्टात आहे. ईटीए (प्रवेशाची ऑनलाइन परवानगी) पण आलं. बॅग!

माळरान
एवढा खर्च करून केनिया कशाला? ताडोबाला जा. शिवाय मारात जुलै ते डिसेंबर नुसतं प्रवेशशुल्क परदेशी माणसाला दिवसाला २०० डॉलर आहे.

नाना_डोंबिवलीकर
@माळरान, ताडोबात जिराफ दाखवा, मीही येतो.

शमा_पार्कलँड्स
मी नैरोबीत राहते. एक सांगा, मारात विमानाने जाताय की गाडीने? १५ किलोची अट फक्त विल्सन विमानतळावरून उडणाऱ्या छोट्या विमानांना असते.

कोरडा_रस्सा
थांबा, कागद बघतो. जाताना विल्सन, येताना 'रोड ट्रान्सफर' असं लिहिलंय.

शमा_पार्कलँड्स
मग अट खरी आहे. ही बहुतेक बारा-तेरा आसनांची सेस्ना कॅरव्हॅन असते. सामान तिच्या पोटाखालच्या बुटक्या कप्प्यात कोंबतात, तिथे कडक ट्रॉली आडवी-उभी कशीच जात नाही. आणि १५ मध्ये हातातली पिशवीसुद्धा धरतात, कॅमेऱ्यासकट.
पण येताना गाडी आहे ना? ती गाडी नैरोबीहून येणार असेल तर रिकामीच येणार. एजंटला विचारा की ड्रायव्हर विमानाच्या आधी पोचतोय का. पोचत असेल तर ट्रॉल्या त्याच्याकडे द्या, नारोकमार्गे पाच-सहा तासांत मारात. नाहीतर नैरोबीच्या हॉटेलात ठेवा. मात्र परतताना त्याच हॉटेलवरून जाणार आहात ना, ते बघून घ्या.

बिनधास्त_बोका
बॅगेपेक्षा कपड्यांचा रंग बघा. निळा-काळा घातला की त्से त्से माशी हमखास चावते. फक्त खाकी.

शमा_पार्कलँड्स
निळ्या-काळ्याकडे ती येते हे बरोबर, पण तिचा खरा त्रास टांझानियात तरंगिरेकडे. मारात एवढं मनावर घेऊ नका. लष्करी ठिपक्यांचे कपडे तेवढे नकोत, केनियात सामान्य माणसाने ते घालणं बेकायदा आहे.

लेन्सवाला_पक्या
१५०-६०० लेन्स असेल तर दोन किलो तिथेच गेले. ट्रायपॉड घरी ठेवा, जीपमध्ये उभा करायला जागा नसते. लेन्स टेकवायला कापडी बीनबॅग रिकामी न्या आणि तिथे तांदूळ भरा. ड्रोन तर नकोच, विमानतळावरच ठेवून घेतात.

कोरडा_रस्सा
लेन्स नाही हो, मोबाइल आहे. वजन खाऊचं आहे. आईचा एक डबा नुसता खाकरा आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा.

प्राची_इनामदार
ते प्लास्टिकच्या पिशव्यांत नाही ना बांधलं? केनियात २०१७ पासून पिशव्यांवर बंदी आहे. पाण्याची वापरून फेकायची बाटलीही अभयारण्यात चालत नाही. कापडी पिशव्या आणि स्टीलची बाटली घ्या.

शमा_पार्कलँड्स
खाऊ निम्मा करा. कॅम्पवर चपाती, डाळ, भाजी मिळते, इथले स्वयंपाकी गुजराती पाहुण्यांना सरावलेले आहेत. कपडेही तीन जोड पुरे, बहुतेक कॅम्पवर धुऊन देतात. बायकांचे आतले कपडे मात्र घेत नाहीत, खोलीत साबणाची पूड ठेवलेली असते, ते आपण धुवायचे.
जाड जाकीट बॅगेत नको, अंगात घाला. ऑगस्ट आहे आणि मारा दीड हजार मीटरच्या वर. सहाला छत उघडून गाडी पळायला लागली की बोटं बधिर होतात.

वैद्य_नव्हे
मलेरियासाठी माझ्याकडे साबुदाण्याच्या गोळ्या आहेत, वजन शून्य. खाजगी मेसेज करा.

डॉ_उंबरठा
कृपा करून असलं काही घेऊन जाऊ नका. तिथला मलेरिया जीव घेतो. क्लोरोक्विनही तिथे उपयोगाचं नाही. आटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर ७ दिवस घेतात. डॉक्सीसायक्लिन स्वस्त, पण परतल्यावर ४ आठवडे चालू ठेवावी लागते आणि उन्हात कातडी पोळते. शनिवारी निघताय तर आजच डॉक्टरांना भेटा, आईंच्या चालू गोळ्यांची यादी बरोबर न्या.

वैद्य_नव्हे
आमच्या तीन पिढ्या...

नाना_डोंबिवलीकर
तुमच्या तीन पिढ्या डोंबिवलीत गेल्या, मारात नाही.

कोरडा_रस्सा
एजंट सापडला एकदाचा. गाडी आदल्या रात्रीच निघतेय, ड्रायव्हर ट्रॉल्या न्यायला तयार आहे. विमानात दोन रात्रींपुरते कपडे आणि औषधं शाळेच्या दप्तरांत घेतो. बॅगा घ्यायच्या नाहीत. डॉक्टरांकडे संध्याकाळी जातोय. शमाताई, आभार. लाडू मात्र आई सोडत नाहीये.

लेन्सवाला_पक्या
औषधं दप्तरात टाकलीत ते बरं केलंत. चार्जरसाठी चौकोनी पिनांचा प्लग घ्या, इंग्लंडला लागतो तोच. दुर्बीण कुठली नेताय? मी ८x४२ सुचवीन.

बिनधास्त_बोका
१०x५० घ्या हो, जवळ दिसतं.

लेन्सवाला_पक्या
हलत्या जीपमध्ये १० ने सिंह नाही, भूकंप दिसतो.

सुगरण_सातारा
आम्ही मे महिन्यात जायचं म्हणतोय, स्वस्त पडतंय. पाऊस असतो का?

शमा_पार्कलँड्स
एप्रिल-मे मोठा पाऊस, मारातले रस्ते चिखलाचे होतात, काही कॅम्प बंदच असतात. सविस्तर हवं तर वेगळा धागा काढा, आणि त्यात कुठे, किती जण, विमान की गाडी हे पहिल्या ओळीत लिहा.