नुसती कथा नाही, संकलनही उसनंच

'जॉर्ज ल्यूकसच्या स्टार वॉर्स (1977) या अंतराळपटाने कथा जपानी दिग्दर्शक कुरोसावाची उचलली, बाकी सगळं नवं' असं काहीजण म्हणतात. कथेचं मान्य. कुरोसावाच्या 'हिडन फोर्ट्रेस' (1958) मधले दोन भांडकुदळ शेतकरी म्हणजेच स्टार वॉर्समधले ते दोन रोबो. 'बाकी सगळं नवं' मात्र मुळीच पटत नाही. शेवटच्या लढाईचे इफेक्ट तयार व्हायच्या आधीच ल्यूकसने दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या झुंजीचे तुकडे जोडून कच्चं संकलन केलं होतं, आणि इफेक्टवाल्यांनी त्यावरून शॉट बेतले.

तंत्राची मुळंही जुनी. एकेक फ्रेम सुटी घ्यायची शिस्त आपल्या त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये वाटाण्याचं रोप वाढताना दाखवायला वापरली होती. नाशिककरांनी हे अभिमानाने सांगायला हवं! 1977 मध्ये स्टार वॉर्समुळे फरक पडला तो कॅमेरा हलवणाऱ्या मोटरच्या हालचाली नोंदवून ठेवण्याने. यानाची छोटी प्रतिकृती जागेवर, कॅमेरा रुळावर, आणि तीच चाल हवी तितक्या वेळा तंतोतंत: एकदा यानासाठी, एकदा नुसत्या इंजिनाच्या उजेडासाठी. चाल केसभर चुकली तर उजेड यानाच्या बाहेर सांडतो. मागे निळा पडदा असतो आणि चित्रातला निळा रंग नंतर काढून टाकतात, त्यामुळे यानावर निळा रंग चालत नाही, तेवढा भाग आरपार दिसतो. एक्स-विंग या सिनेमातल्या लढाऊ यानावरचे पट्टे लाल आहेत ते त्यामुळेच.