मदत हवी आहे: टोमॅटोची फुलं गळतायत

वैतागलोय: झाड कमरेएवढं, हिरवंगार, फुलंही भरपूर पण एक धरेल तर शपथ, देठाशी पिवळी पडून गळतात. बाजारातली फवारलेली भाजी नको म्हणून हा खटाटोप चाललाय आणि घरचे हसतायत. पटकन उपाय सांगा.

पानफुटी: ऊन किती तास? कुंडी केवढी? खत काय घालता? एवढं तरी लिहा हो.

जलशेती_झिंदाबाद: मातीच सोडा. हायड्रोपोनिक्स करा, म्हणजे मातीशिवाय, खत विरघळवलेल्या पाण्यावर झाडं वाढवा, माझ्याकडे पालेभाजी बघत राहावी अशी येते.

पानफुटी: त्यांनी पालेभाजीचं विचारलंय का?

वैतागलोय: ऊन दिवसभर. दर आठवड्याला चमचाभर युरिया.

खवट: फवारलेलं नको आणि युरिया चालतो! धन्य.

वैतागलोय: युरिया म्हणजे फवारणी नव्हे. मुद्द्याचं बोला.

शिवारातला: बरोबर आहे त्यांचं, पण युरियात 46 टक्के नत्र असतं, एवढं नत्र मिळालं की झाड पालाच वाढवत बसतं. आधी ते बंद करा. दिवसा पस्तिशी आणि रात्रीही उकाडा असेल तर परागकणच निकामी होतात, मग काहीही घाला, गारवा येईपर्यंत थांबायचं. नसेल तर सकाळी फुलांच्या घोसाला हलकी टिचकी मारा, टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, हलवलं की पराग तिथल्या तिथे पडतात, शेतात ते हलवायचं काम वारा आणि माश्या करतात. आणि फवारणीचं म्हणाल तर शेवटची फवारणी ते तोडणी किती दिवस सोडायचे हे ठरलेलं असतं. आम्ही पाळतो.

खवट: सगळे पाळत नाहीत, म्हणून तर घरचं.

शिवारातला: लावा की घरी! पण धान्य, डाळ, तेल कुठल्या कुंडीत काढणार?

इतिहासप्रेमी: दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत लोकांनी अंगणं खणून भाज्या लावल्या होत्या, ताज्या भाजीचा मोठा वाटा त्यातून यायचा.

शिवारातला: भाजीचा. गहू तेव्हाही शेतातूनच आला.

नवखी: अवांतर, भोपळ्याला नुसती नर फुलं येतायत, काय करू?

पानफुटी: काही नाही. आधी नरच येतात, मादी मागून. मादी फुलामागे चिमुकला भोपळा दिसतो. वैतागलोय, कुंडीचं राहिलं.

वैतागलोय: जुनी बादली आहे. आत्ताची फुलं वाचतील का?

पानफुटी: पिवळी पडलेली गेली, पुढचा घोस बघा. बादलीला खाली भोकं आहेत ना?

जलशेती_झिंदाबाद: म्हणून म्हणतो, हायड्रोपोनिक्समध्ये युरियाची भानगडच नाही.

शिवारातला: नायट्रेट, म्हणजे नत्रच, घालता ना पाण्यात? ते काय आभाळातून पडतं?