अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर अँटिबायोटिक नाहीच दिलं, चालतं का?

परवा आईचं अपेंडिक्स काढलं, फुटलं नव्हतं. ऑपरेशनआधी अँटिबायोटिकचं एक इंजेक्शन दिलं आणि घरी सोडताना गोळ्याच नाहीत, मावशी म्हणते पाच दिवसांचा कोर्स हवाच, टाक्यात पू झाला तर? खूप टेन्शन आलंय.

> ताई, मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. तो डोस चीर द्यायच्या आधी तासाभरात देतात, म्हणजे ब्लेड लागतं तेव्हा औषध तिथे पोचलेलं असतं. ऑपरेशन ४ तासांवर लांबलं तर सेफाझोलिन हे अँटिबायोटिक परत देतात. जंतुसंसर्ग टाळायला म्हणून नंतर चालू ठेवू नका हे डब्ल्यूएचओनं २०१६ लाच सांगितलंय.

> माझ्या भावाचं फुटलेलं होतं, त्याला सलाइनमधून चार दिवस दिलं, ती केस वेगळी.

> टाके रोज बघा. लाली पसरली, पिवळं पाणी आलं, ताप आला तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा, मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणू नका प्लीज.