अंगावर पाजताना बोंडं दुखतात, चिरा पडल्यात. नेमकं कारण कसं ओळखायचं?

प्रश्न (आशा कार्यकर्ती, सातारा जिल्हा)
चौदाव्या दिवसाच्या गृहभेटीत बाळंतीण म्हणाली, बाळाने तोंड लावलं की डोळ्यांत पाणी येतं. पहिलटकरीण आहे, सिझर झालंय. दोन्ही बोंडांच्या टोकाला आडव्या चिरा आहेत. बाळ ४०-४५ मिनिटं चोखतं, तरी लगेच रडतं. चोखताना टक्‌टक् आवाज येतो. जन्मवजन २९०० ग्रॅम होतं, आज २७६० भरलं. आईला ताप नाही, गाठ नाही. पाजण्याआधी दर वेळी बोंडं साबणाने धुतात. मी काय काय बघू?

उत्तर १ (स्तनपान समुपदेशक)
ताई, मला आधी वजनाची काळजी वाटते. एव्हाना जन्मवजन भरून यायला हवं होतं; बाळ १४० ग्रॅम मागे आहे. आईचं दुखणं आणि बाळाचं उपाशी राहणं, दोन्हींचं मूळ बहुतेक एकच: उथळ पकड. नुसतं बोंड तोंडात धरलं की ते जीभ आणि पुढचा कडक टाळू यांच्यात चेपतं. खोल धरलं तर मागे मऊ टाळूपाशी पोचतं आणि घासत नाही.

बाळ सुटल्या क्षणी बोंड बघा. गोल आणि थोडं लांबट असेल तर ठीक. नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं दिसलं तर चेपलं जातंय.

आईला पाठीशी उशी देऊन टेकून बसवा. वाकून पाजू देऊ नका. टाक्यांवर भार नको, म्हणून बाळ काखेखाली घ्या. त्याचा कान, खांदा, कंबर एका रेषेत हवी. तळवा मानेखाली आणि खांद्यांवर ठेवा. डोकं मागून दाबलं की बाळ उलट मान ताठ करतं. नाक बोंडासमोर आणा, बोंड वरच्या ओठाला टेकवा आणि जांभईएवढा आ होईपर्यंत थांबा. घाई इथेच होते. मग हनुवटी आधी टेकेल असं बाळ जवळ ओढा. स्तन बाळाकडे ढकलायचा नाही. नीट लागलं की हनुवटी रुतलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला दिसतो, बोंडाभोवतीचा काळा भाग वर जास्त उघडा राहतो.

पहिल्या अर्ध्या मिनिटात ओढ जाणवली तर चालेल. पुढेही चिमटा राहिला तर करंगळी ओठाच्या कोपऱ्यातून हिरड्यांमध्ये घाला, पकड सैल झाली की सोडवून पुन्हा लावा. तसंच ओढून काढलं की चीर वाढते.

साबण आजच बंद. काळ्या भागावरच्या बारीक पुटकुळ्यांतून येणारा तेलकट स्राव त्याने धुऊन जातो. अंघोळीचं पाणी पुरे. पाजल्यावर दुधाचे दोन थेंब लावून वाळू द्या.

प्रश्नकर्ती
बोंड तिरकंच सुटलं. सुटल्यावर पांढरंफटक, मग जांभळं, मग लाल झालं आणि दहा मिनिटं ठणकत होतं. रडताना बाळाची जीभ हिरडीपुढे येत नाही. टोकाला पत्त्यातल्या बदामासारखी खाच दिसते.

उत्तर २ (परिचारिका, नवजात कक्ष)
हा रंगबदल म्हणजे रक्तवाहिन्या आखडणं. चेपल्याने सुरू होतं, गारव्याने वाढतं. म्हणून हिच्या बाबतीत उघडं ठेवून वाळवू नका. बाळ सुटताच झाका आणि सुती कापडाचा कोरडा, कोमट शेक द्या. कापड आधी मनगटावर लावून बघा.

सिझरनंतर अँटिबायोटिक झालेली असतात, त्यामुळे बुरशीची शंका येते. तेव्हा बाळाच्या गालांच्या आत बघा: पुसून न निघणारा पांढरा थर असेल तर बुरशी, आणि औषध दोघांना एकाच वेळी लागतं. फक्त जिभेवर असलेला आणि ओल्या कापडाने निघणारा थर दुधाचा.

जिभेची खाच आणि टक्‌टक् आवाज, यावरून जिभेखालचा पडदा आखूड असावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवा, वजनामुळे उद्याच. प्रत्येक आखूड पडदा कापावा लागत नाही. पकड सुधारून वजन वाढू लागलं तर राहू देतात. तोवर २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजा, आणि प्रत्येक वेळी नंतर हाताने दूध काढून वाटी-चमच्याने द्या. बाटली नको. चिरांवर कुणी मध सुचवला तर ठाम नाही म्हणा. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात तो जाता कामा नये.

उत्तर ३ (समुपदेशक)
वरचं बरोबर, वाळवण्याचा माझा सल्ला हिला लागू नाही. एवढं आणखी घरच्यांना सांगून ठेवा: थंडी वाजून ताप, स्तनावर लाल तापलेला पट्टा, चिरेतून पू किंवा पिवळी खपली, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. तेव्हाही पाजणं थांबवू नये, आणि गाठ जोरात चोळू नये, सूज वाढते. पाण्याचे फोड मात्र वेगळे. ते दिसले तर तपासणी होईपर्यंत त्या बाजूचं पाजू नका.

वजन तीन दिवसांनी त्याच काट्यावर, कपड्यांशिवाय घ्या. दिवसाला २०-३० ग्रॅम वाढ हवी.