दाढेची सूज हनुवटीखाली उतरलीय, सोमवारपर्यंत थांबू का?

बांधावरचा: अण्णांची (वय ६१, शुगर आहे) खालची शेवटून दुसरी दाढ किडलीय. मंगळवारपासून ठणका होता. मेडिकलमधून गोळ्या आणल्या. आज ठणका कमी आहे, पण हनुवटीखाली दोन्हीकडे सूज आलीय. आई मिठाचा शेक देतेय. दातांचे डॉक्टर सोमवारी भेटतील. तोवर चालेल?

देवगडची_आक्का: नाही चालणार. आमच्या ह्यांचं अस्संच झालं होतं. ठणका थांबला म्हणून मी देवापुढे साखर ठेवली! पहाटे बघते तर उशी लाळेने भिजलेली, थुंकी गिळवेना. गरम घास तोंडात धरून बोलावं तसा आवाज. हनुवटीखाली हात लावला तर पाटासारखं कडक, बोट रुतेना. जीभ वर उचललेली. आडवं केलं की गुदमरायचे, म्हणून खुर्चीत बसवूनच नेलं. तिथे भूल द्यायच्या आधी, जागेपणीच नाकातून दुर्बिणीने श्वासाची नळी घातली. मग गळ्याखाली चिरे देऊन निचरा, आणि दाढ काढली. साखर निघाली ३८०. मेडिकलवाल्याला काय बोलू, गोळ्या मीच मागून आणल्या होत्या.

दातकोरणे: मी दातांचाच डॉक्टर. खालच्या शेवटच्या दोन दाढांची मुळं जिभेखालच्या स्नायूच्या पातळीखाली जातात, त्यामुळे तिथला संसर्ग थेट जबड्याखाली उतरतो. कोंडलेल्या पुवाला वाट मिळाली की ठणका कमी होतो, त्यावर जाऊ नका. सूज दोन्हीकडे पसरून जीभ वर ढकलू लागली की त्याला लुडविग अंजायना म्हणतात. १८३६ साली लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने वर्णन केलेला आजार. जीव जातो तो बहुधा श्वास कोंडून. म्हणून माझ्यासारख्याच्या क्लिनिकमध्ये नेऊ नका. जिथे भूलतज्ज्ञ आणि कान-नाक-घशाचे किंवा जबड्याचे सर्जन आहेत तिथे, आत्ताच. शेक बंद. तोंड किती उघडतंय?

बांधावरचा: दीड बोट जेमतेम. जीभ बाहेर काढा म्हटलं तर मान हलवतात. चुलतभावाने गाडी काढलीय.

दातकोरणे: पुढच्या सीटवर ताठ बसवा. खायला-प्यायला काही देऊ नका. फोन करून सांगा, पेशंट येतोय, श्वासाची भीती आहे.

देवगडची_आक्का: आणि त्या गोळ्यांची रिकामी पाकिटं खिशात टाका. आम्हाला तिथे नावं आठवेनात.

बांधावरचा: घेतली. निघालो.